तिसरी घंटा आणि लाइट बिल

पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पत्र लिहिणाऱ्या बाई एकेचाळीस वर्षांच्या आहेत. भांडुपला राहतात, फोर्टातल्या एका कार्यालयात हिशेबाचं काम करतात. नवरा नाटकांच्या प्रयोगांना प्रकाशव्यवस्था सांभाळतो. मुलगी पाचवीत आहे. बाईंचं प्रत्येक काम चार दिवस आधी उरकलेलं असतं, नवऱ्याचं शेवटच्या क्षणी. लाइट बिल मुदतीच्या रात्री, मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट आदल्या रात्री दहाला, गावी जायची बॅग खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत असताना. दोन महिन्यांपूर्वी बाईंच्या ऑफिसात ‘व्यक्तिमत्त्व ओळखा’ अशी कार्यशाळा झाली. निकाल चार इंग्रजी अक्षरांत मिळाला आणि त्या ‘आखणी करणाऱ्या’ ठरल्या. हौसेने त्यांनी नवऱ्यालाही ती प्रश्नावली सोडवायला लावली. तो निघाला ‘ऐन वेळी बघू’ गटातला. तेव्हापासून काहीही सांगितलं की तो हसून म्हणतो, “अगं, टेस्टमध्येच आलंय. माझा टाइपच तो.”

त्या विचारतात : “इतक्या उलट्या स्वभावाच्या दोन माणसांनी एका घरात राहायचं कसं? मी बदलू की त्याने बदलायचं? की आमची जोडीच चुकली? मी दमलेय, ताई. (दाढ आठ महिने ठणकतेय, ती दाखवायलाही जमलेलं नाही.)”

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मागच्या मंगळवारी आलं आणि मी उत्तर लिहायला बसलेय ती संपादकांचा दुसरा फोन येऊन गेल्यावर. मी कोणत्या पंथातली आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तेव्हा माझा ओढा थोडा तुमच्या यजमानांकडे असणार असं धरूनच पुढचं वाचा.

आधी त्या चार अक्षरांचं बघू, कारण तुमच्या घरात सध्या ती पाहुण्यासारखी येऊन राहिली आहेत आणि जायचं नाव घेत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये माणसांच्या मानसिक प्रकारांवर एक ग्रंथ लिहिला. अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या दोघी त्या विचाराने भारावल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी त्यावरून ही चार अक्षरांची प्रश्नावली बेतली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. पण माझा आक्षेप तो नाही. आक्षेप मोजण्याच्या पद्धतीवर आहे. समजा, सोसायटीतल्या सगळ्यांची उंची मोजली आणि साडेपाच फुटांच्या वरचे ‘उंच’, खालचे ‘बुटके’ अशा दोनच याद्या लावल्या. साडेपाचाच्या अर्धा इंच वर असलेला आणि अर्धा इंच खाली असलेला, हे दोघे वेगवेगळ्या यादीत जातील, आणि बहुतेक माणसं तर त्या मधल्या पट्ट्यातच असतात. म्हणूनच तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा सोडवली की बऱ्याच जणांचं निदान एक अक्षर तरी बदलतं. व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करणारे संशोधक आज सहसा ‘प्रकार’ धरत नाहीत, ते पाच गुण धरतात आणि प्रत्येक गुण कमी-जास्त असतो असं मानतात. त्यातला एक तुमच्या भांडणाचा आहे : हातातलं काम नेटाने, वेळेत तडीस नेण्याचा. तो माणसागणिक खरंच वेगळा असतो, हे मी नाकारत नाही. पण तो दगडावरची रेघ नव्हे. वयाबरोबर बहुतेकांचा तो थोडाथोडा वाढतच जातो.

आपल्याकडे पत्रिका जुळवताना छत्तीस गुण बघतात : वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट, नाडी. लाइट बिल कधी भरतो हा त्यात सदतिसावा घालायला हवा होता, असं अनेक बायकांचं मत पडेल. पण तुम्ही त्या कार्यशाळेचा निकाल आता पत्रिकेसारखाच वाचायला लागला आहात, ‘जोडी चुकली का’ इथपर्यंत. तिथे थोडं थांबू या.

तुमच्या पत्रात दोन ओळी आहेत, त्या तुम्ही जाता जाता लिहिल्या आणि मी तीनदा वाचल्या. पहिली : “एवढी वर्षं नाटकात आहे, पण याच्यामुळे एकदाही तिसरी घंटा लांबली नाही.” थिएटरचा ताबा मिळाल्यापासून पडदा उघडेपर्यंत हातात मोजके तास असतात. त्यात दिवे टांगायचे, फिरवायचे, तपासायचे. तुम्हीच लिहिलंय, की त्यांच्या कामाच्या पिशवीत जादा बल्ब, इन्सुलेशन टेप, टेस्टर आणि कोणत्या वाक्याला कोणता दिवा याची स्वच्छ अक्षरांत लिहिलेली क्यूशीट असते. आणि त्या पिशवीला हात लावलेला त्यांना चालत नाही. हा माणूस ‘ऐन वेळी बघू’ टाइपचा? मग ती पिशवी कोण भरतं?

मानसशास्त्रात हा जुना वाद आहे. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये सगळे जुने अभ्यास चाळून असं मांडलं, की माणूस एका ठिकाणी जसा वागतो तसाच दुसऱ्या ठिकाणी वागेल हे आपण समजतो तितकं खरं नसतं. त्यावर पुढे पुष्कळ भांडणं झाली, आणि स्वभाव नावाची गोष्ट आहेच हेही मान्य झालं. पण नुसत्या स्वभावावर बोट ठेवून चालत नाही, प्रसंगही बघावा लागतो. तुमच्या यजमानांचा स्वभाव दादरच्या थिएटरात एक आणि भांडुपच्या स्वयंपाकघरात दुसरा असेल, तर दोन्ही ठिकाणांत फरक कोणता ते शोधायला हवं. माझ्या मते फरक असा आहे : तिथे ते विसरले तर अंधार होतो. इथे ते विसरले तर तुम्ही असता.

दुसरी ओळ तुमच्या दाढेची. आठ महिने! चार दिवस आधी बिल भरणारी बाई आठ महिने दाढ ठणकवत बसते आणि ते वाक्य कंसात टाकते. आता सांगा, तुम्ही कोणत्या टाइपच्या?

तुमच्या घाईबद्दलही एक गोष्ट सांगते, रागावू नका. अमेरिकेत डेव्हिड रोझेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वाटेत दोन बादल्या ठेवल्या, एक जवळ आणि एक पुढे. त्यातली सोयीची वाटेल ती कुठलीही एक उचलून टोकाशी न्यायची. शहाणपणा पुढची उचलण्यात होता, कारण ती कमी अंतर वाहावी लागणार होती. पण बऱ्याच जणांनी जवळचीच उचलली आणि लांबवर वाहून नेली. का, तर काम एकदाचं सुरू करून डोक्यातून काढायचं होतं. मला हे वाचताना दादर स्टेशनबाहेरून पाच किलो कांदे-बटाटे घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढणाऱ्या बायका आठवल्या, ज्यांच्या इमारतीखालीच भाजीवाला बसतो. तुम्हीही लिहिलंय, की शाळेच्या स्नेहसंमेलनाचा ड्रेस महिनाभर आधी शिवून घेतला आणि मग बाईंनी रंगच बदलला. आधी केलेलं काम दर वेळी चांगलं केलेलं असतंच असं नाही. कधी कधी ते नुसतं मनावरचं ओझं उतरवलेलं असतं. त्यांची चालढकल आणि तुमची घाई या दोन्ही थोड्याफार काळजीच्याच पोटी येतात. ते काळजी मागे ढकलतात, तुम्ही लगेच गिळून टाकता.

म्हणजे दोघेही सारखेच, असं म्हणून मी पत्र मिटत नाहीये. कारण आता गणपती.

इतर वाचकांसाठी सांगते. गेल्या वर्षी आपल्या या मैत्रीण तापाने फणफणल्या होत्या आणि रेल्वेचं आरक्षण उघडायचा दिवस हुकला. कोकणातल्या मुंबईकराला एवढ्यानेच घाम फुटेल. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं; सकाळी आठला सुरू झालं की चहा निवायच्या आत वेटिंग लागतं. नवऱ्याला सांगून ठेवलं होतं. तो आदल्या रात्री प्रयोगावरून दोनला आला आणि झोपून राहिला. मग चतुर्थीच्या चार दिवस आधी त्याने नेपथ्यवाल्या मित्राला फोन केला, त्याच्या वाडीतल्या लोकांनी केलेल्या एसटीच्या ग्रुप बुकिंगमध्ये तीन जागा निघाल्या, आणि मंडळी भजनं म्हणत कणकवलीला पोचली. सासूबाई म्हणाल्या, “बघ, झालं की नाही सगळं?” आणि आमची मैत्रीण लिहिते : “गाडीत सगळे हसत होते, मला रडू येत होतं. बारा वर्षं मी सकाळी आठला फोन घेऊन बसते, ते कुणाला दिसलं नाही. याने एक फोन केला आणि हा हिरो.”

मैत्रिणी, तुमचं खरं पत्र एवढंच आहे. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूला आहे. वेळेत झालेल्या कामाची गोष्ट होत नाही. ऐन वेळी निभावलेल्या कामाची गावभर होते. तिकीट मिळालं की कुणी भजन म्हणत नाही.

‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ ही म्हण आपण अशा माणसांसाठी वापरतो. मुंबईत तहान लागली की विहीर खणत नाहीत, टँकर मागवतात. आणि टँकर येतोही, हे तुमच्या यजमानांना पक्कं ठाऊक आहे. फक्त त्याचे पैसे अख्ख्या सोसायटीने भरायचे असतात. कुणाचा स्वभाव कसा आहे यावर माझं काही म्हणणं नाही. त्या स्वभावाचं बिल कुणाच्या नावाने फाटतं, एवढंच मी बघते. त्यांनी बॅग पहाटे पाचला भरली आणि स्वतःचा चार्जर विसरला, तर तो त्यांचा टाइप. त्यांनी आरक्षण विसरलं आणि तीन माणसांच्या जिवाला चतुर्थी तोंडावर येईपर्यंत घोर लागला, तर तो टाइप नव्हे. तो तुमच्यावर टाकलेला भार. तुमच्या बाजूनेही हेच लागू आहे. महिनाभर आधी कपाटं आवरायची हौस तुमची असेल, तर त्या रविवारी घरातल्या सगळ्यांना राबवणं हे तुमचं बिल त्यांच्या नावावर फाडणं झालं.

इथे बायकोपणाचा भाग आहे, तो मी टाळणार नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते आणि पुरुषांचे ९७. ही झाली हाताने केलेली कामं. तिकीट केव्हा उघडतं, सिलिंडर किती दिवस पुरेल, मुलीच्या वहीला कव्हर आहे का हे डोक्यात घेऊन लोकलमध्ये उभं राहणं यात कुठल्या मिनिटांत धरायचं? तुम्ही जन्मजात आखणी करणाऱ्या असाल. किंवा तेरा वर्षं दुसरं कुणी करत नव्हतं म्हणून झाला असाल. चार अक्षरांतून हा फरक कळत नाही.

मात्र “सगळं मीच करते” हे वाक्य बोलायच्या आधी जरा जपून. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये ३७ जोडप्यांना घरातल्या निरनिराळ्या कामांतला आपापला वाटा किती ते विचारलं होतं. बहुतेक कामांत नवरा-बायकोच्या वाट्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. मुद्दाम खोटं कुणीच बोललं नसेल. आपण केलेलं आपल्याला जास्त आठवतं, इतकंच. पावसात गाड्या बंद पडल्या तेव्हा मुलीला शाळेतून खांद्यावर बसवून कुणी आणलं, हे तुमच्या पत्रात एका ओळीत आहे. त्यांच्या पत्रात ते पानभर असतं.

आता काय करायचं.

पहिली गोष्ट, टॅक्सीवाला हॉर्न वाजवत असताना हा विषय काढायचा नाही. ज्या दिवशी प्रयोग नाही अशा एखाद्या दुपारी बसा. ‘तू असाच आहेस’ने सुरुवात केलीत तर ‘हो, टेस्टमध्ये आलंय’ हे उत्तर तयारच आहे. त्याऐवजी तिसऱ्या घंटेबद्दल विचारा. “तिथे तुला कुणी आठवण करत नाही, तरी तू विसरत नाहीस. ते कसं जमवतोस?” हा प्रश्न टोमणा म्हणून नाही, खरोखर विचारा, कारण उत्तर उपयोगाचं आहे. ते क्यूशीट म्हणतील. मग घराची क्यूशीट त्यांनाच करू द्या, त्यांच्या अक्षरात, फ्रिजवर. तुम्ही करून देऊ नका. तुम्ही केलेली यादी त्यांना शाळेचा फळा वाटेल. त्यांनी स्वतः ‘आरक्षण : तिसरी घंटा आठला’ असं लिहिलं तर ते त्यांच्या भाषेतलं असेल.

कामं वाटताना तुकडे करू नका, अख्खी द्या. ‘मी आठवण करते, तू भर’ ही वाटणी नव्हे. त्यातलं जड काम तुमच्याकडेच राहतं. लाइट बिल, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स यांतलं जे त्यांच्याकडे जाईल ते लक्षात ठेवण्यापासून पावती ठेवण्यापर्यंत त्यांचं. उशीर झाला तर दंड त्यांच्या खिशातून, आणि घरात त्यावर चर्चा नाही. पहिल्या महिन्यात उशीर होईल असं धरूनच चाला. त्या वेळी तुमचा हात फोनकडे जाईल. जाऊ देऊ नका. ही माझ्या सगळ्या सूचनांमधली सगळ्यांत अवघड आहे आणि ती तुमच्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही.

मुलीची शाळा आणि आईवडिलांची औषधं मात्र या प्रयोगात घेऊ नका. दुसऱ्याच्या जिवावर धडे देत नाहीत.

कोणतं काम कुणाला, हे ठरवताना स्वभावाचा खरा उपयोग होतो. सकाळी आठचं आरक्षण रात्री दोनला घरी येणाऱ्या माणसाला देणं हा हट्ट झाला. ते तुमच्याकडेच राहू दे. पण त्या बदल्यात येतानाचा प्रवास, टॅक्सी, सामान, प्लंबर, अचानक आलेले पाहुणे, गाड्या बंद पडल्यावरची धावपळ ही सगळी त्यांची. अशा कामांत तुमचा चार दिवस आधीचा सराव काहीच कामाचा नाही, आणि ते तर जन्मभर तेच करत आलेत. काही कामं अशीही असतात की उशीर झाला तर कुणाचंच काही बिघडत नाही. माळा, जुने पेपर, फोटोंचे अल्बम. ती ज्याला खुपतात त्याने करावी, न खुपणाऱ्याला दोष देऊ नये.

ते “पाच मिनिटांचं तर काम” म्हणतील तेव्हा ते फसवत नसतात. त्यांना खरंच तसं वाटतं. कॅनडातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध संपवायला किती दिवस लागतील असं विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा आला, लागले सुमारे ५५. हा अभ्यास १९९४ चा आहे. विद्यार्थी आळशी होते असं नव्हे. अंदाज करताना आपण मागचे अनुभव बाजूला ठेवतो. म्हणून वाद न घालता एवढंच विचारा, “मागच्या वेळी किती वेळ लागला होता?” हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते. उत्तर लपवते, पण विचारते.

आणि त्यांची पद्धत चालू द्या. बॅग पाचला भरली आणि साडेपाचला टॅक्सीत बसली, तर ती वेळेत भरली. दारात उभं राहून घड्याळ बघू नका. आतल्या खोलीत जाऊन चहा प्या.

हे पत्र सासू-सुनेचं असतं, दोन भावांचं असतं किंवा एका खोलीत राहणाऱ्या तीन मुलींचं असतं तरी मी हेच लिहिलं असतं. एक अपवाद सांगून ठेवते. एखाद्याच्या बाबतीत हा प्रकार लहानपणापासून असेल, घरी आणि कामावर दोन्हीकडे नुकसान होत असेल, ठरवूनही जमत नसेल आणि त्याचा त्याला स्वतःलाच त्रास होत असेल, तर त्याला आळशी म्हणून सोडून देऊ नका. अवधानाशी संबंधित अडचणी मोठ्या माणसांतही असतात आणि त्यावर उपचार आहेत. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. फोनवर बोलायचं तर टेलीमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. ज्याने कधी तिसरी घंटा चुकवली नाही, त्या माणसाचं प्रकरण मला तसं वाटत नाही.

जोडी चुकली का, या प्रश्नाचं उत्तर मी देत नाहीये, कारण तुम्ही तो दमल्यावर विचारलाय. तीन महिन्यांनी परत विचारावासा वाटला तर विचारा.

तोवर एक काम. तुमच्या यादीत दाढ नाही, मी पैज लावते. ती घाला, पण तुमच्या यादीत नको, फ्रिजवरच्या नव्या कागदावर. त्या दिवशी मुलीला शाळेतून कुणी आणायचं, दुपारचं जेवण काय, तुम्हाला दवाखान्यात न्यायचं कुणी, हे अख्खं काम त्यांचं. अपॉइंटमेंट कोणत्या वारची मिळाली ते कळवा.

तुमची,
ताई